दोनदा भाजलेला दगड

लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर पुलाच्या पूर्वेकडील टोकाला, थेम्स नदीच्या काठी एका चौथऱ्यावर एक पांढुरका सिंह उभा आहे. त्याचे वजन सुमारे १३ टन, तर उंची साडेतीन मीटरांहून थोडी अधिक आहे. १८३७ मध्ये तो एका मद्याच्या कारखान्यासाठी तयार झाला. ती इमारत १९४९ मध्ये पाडली गेली. सिंह मात्र जपून ठेवला गेला आणि १९६६ मध्ये आजच्या जागी आला. जवळजवळ दोन शतके लंडनचा पाऊस, धुके आणि कोळशाचा धूर त्याने सोसला आहे. तरी आयाळीच्या बटा अजून स्पष्ट दिसतात. त्याच शहरातील चुनखडकाच्या अनेक मूर्तींची नाके-बोटे याच काळात झिजून गेली.

हा सिंह कोणत्या दगडाचा असेल? पाहणारा सहज म्हणेल, 'एखाद्या चांगल्या, कठीण दगडाचा.' पण तो खाणीतून काढलेल्या दगडाचा नाहीच. तो मातीचा आहे! कुंभार मडके भाजतो तशीच ही माती भट्टीत भाजलेली आहे. मग मडके हातातून पडले की फुटते, त्यात पाणी भरले की ते पाझरते, आणि हा सिंह मात्र दगडासारखा कसा झाला? या लेखात आपण त्याचे उत्तर शोधू. त्याबरोबरच हा दगड बनवणाऱ्या कारखान्याची, आणि तो चालवणाऱ्या बाईंची हकिकतही पाहू.

कारखान्याची मालकीण

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये ग्रीक-रोमन वळणाच्या इमारतींची मोठी हौस होती. दारांच्या कमानींवर मुखवटे, भिंतींवर पानाफुलांच्या पट्ट्या, गच्चीच्या कठड्यावर कुंभ आणि पुतळे असा थाट असे. हे सारे दगडात कोरून घ्यायचे तर खर्च फार. लाकडात करावे तर आगीची भीती. लंडनमध्ये १७७४ च्या बांधकाम कायद्याने तर इमारतींच्या बाहेरील लाकूडकामावर कडक बंधने घातली. तेव्हा दगडासारखा दिसणारा, टिकणारा आणि साच्यातून पुन:पुन्हा काढता येणारा पदार्थ कोणी दिला, तर त्याला गिऱ्हाईक तयारच होते.

तसा प्रयत्न पूर्वीही झाला होता. लंडनच्या लॅम्बेथ भागात रिचर्ड होल्ट याने १७२२ मध्ये कृत्रिम दगडाचे एकस्व, म्हणजे पेटंट घेतले होते. त्याच भागात पुढे डॅनियल पिंकट नावाच्या माणसाचा असाच एक कारखाना जेमतेम चालला होता. १७६९ मध्ये तो एलेनॉर कोड यांनी विकत घेतला.

कोडबाईंचा जन्म १७३३ चा, एक्सेटर गावचा. वडील लोकरीचे व्यापारी होते. त्यांचे दिवाळे निघाले आणि १७६९ मध्येच ते वारले. बाई त्याआधी लंडनमध्ये कापडाचा व्यापार करत होत्या. त्यामुळे हिशेब, उधारी, गिऱ्हाईक यांची त्यांना चांगली ओळख होती. सुरुवातीला पिंकट कारखान्यातच राहिला. पण तो लोकांपुढे स्वत:लाच मालक म्हणवू लागला. सप्टेंबर १७७१ मध्ये बाईंनी वर्तमानपत्रांत जाहीर निवेदन देऊन त्याला कामावरून दूर केल्याचे कळवले. त्याच वर्षी त्यांनी जॉन बेकन या नाणावलेल्या शिल्पकाराला कामावर देखरेखीसाठी नेमले. १७९९ मध्ये मृत्यू येईपर्यंत बेकन या कारखान्याशी जोडलेला होता.

उत्तम शिल्पकार एक नमुना घडवणार, त्याचा साचा होणार आणि त्या साच्यातून हव्या तितक्या प्रती निघणार, ही या धंद्याची किल्ली होती. पहिल्या प्रतीचा खर्च मोठा. पण पुढच्या प्रत्येक प्रतीबरोबर तो वाटला जाई. पेणच्या गणपतींच्या कारखान्यांत हेच गणित चालते. १७८४ साली कोडबाईंनी छापलेल्या सूचिपत्रात सातशेहून अधिक नमुने होते. लंडनच्या बेडफर्ड चौकातील घरांच्या दारांवर कमानीच्या माथ्याशी याच कारखान्याचे मुखवटे आहेत. एकच चेहरा अनेक दारांवर दिसतो, तो त्यामुळेच. राजे तिसरे जॉर्ज यांच्यासाठीही कारखान्याने काम केले. ग्रिनिच येथे ॲडमिरल नेल्सनच्या स्मरणार्थ केलेले सुमारे १२ मीटर लांबीचे त्रिकोणी शिल्प, हे या कारखान्याचे सर्वांत नावाजलेले काम. ते १८१३ च्या सुमारास पुरे झाले. थेट ब्राझीलमधील रिओ द जानेरो येथेही या दगडाचे एक प्रवेशद्वार पोचले.

मातीत काय घातले होते?

या पदार्थाला कोडबाईंनी 'लिथोडिपायरा' असे भारदस्त नाव दिले होते. ते तीन ग्रीक शब्द जोडून केलेले आहे: लिथो म्हणजे दगड, डि म्हणजे दोनदा आणि पायर म्हणजे अग्नी. दोनदा भाजलेला दगड! या नावातच त्याची अर्धी कृती सांगितलेली आहे.

गणपतीसाठी शाडूची मूर्ती केली, तर ती वाळताना भेगाळण्याची भीती असते, हे आपल्या विद्यार्थ्यांनाही ठाऊक असते. असे का होते? चिकणमातीचे कण अतिशय बारीक आणि चपट्या पापुद्र्यांसारखे असतात. ओल्या मातीत दोन पापुद्र्यांमध्ये पाण्याचा थर असतो. त्यामुळेच ते एकमेकांवर सरकतात आणि मातीला हवा तसा आकार देता येतो. माती वाळली की हे पाणी जाते, पापुद्रे एकमेकांजवळ येतात आणि वस्तू आकसते. बाहेरचा भाग आधी वाळतो, आतला नंतर. बाहेरचा आकसू पाहतो आणि आतला त्याला अडवतो. या ओढाताणीत भेग पडते. वस्तू जितकी मोठी आणि जाड, तितका धोका अधिक. मडके फुटत नाही, कारण ते पातळ असते. माणसाएवढा पुतळा मात्र नुसत्या चिकणमातीतून धड भाजून निघणे फार कठीण.

यावरचा उपाय म्हणजे भाजलेल्या मातीची पूड कच्च्या मातीत मिसळणे. ही पूड एकदा भट्टीतून जाऊन आलेली असते. तिला जेवढे आकसायचे तेवढे ती आकसून बसलेली असते. म्हणून ती मिश्रणात सांगाड्यासारखे काम करते. भोवतालची माती आकसते, पण पूड जागा सोडत नाही. एकूण आकसणे कमी होते, आणि खरबरीत कणांमधल्या फटींतून आतले पाणीही सहज बाहेर पडते. मिश्रणातला हा भाग दुसऱ्यांदा भट्टीत जातो, म्हणून 'दोनदा भाजलेला' हे नाव.

या दगडाच्या नमुन्यांचे पृथक्करण १९८० च्या दशकात ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत झाले. त्यावरून मिश्रणाचे प्रमाण साधारण पुढीलप्रमाणे असावे असे मानले जाते: डेव्हन आणि डॉर्सेट भागातील पांढरी, बारीक चिकणमाती ६० ते ७० टक्के, भाजलेल्या मातीची पूड १० टक्के, कुटलेला चकमकीचा दगड ५ ते १० टक्के, बारीक वाळू ५ ते १० टक्के, आणि काचेची पूड सुमारे १० टक्के.

चिक्कीचे उदाहरण

या यादीत काच कशासाठी? चकमक आणि वाळू म्हणजे मुख्यत: सिलिका. शुद्ध सिलिका वितळायला १७०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागते. साध्या काचेतही सिलिकाच असते, पण तिच्यात सोडा आणि चुना असल्यामुळे ती ७०० अंशांच्या सुमारासच मऊ पडू लागते. कोडबाईंच्या भट्टीत ११०० ते ११५० अंश तापमान असे. तेथे काचेची पूड पाकासारखी होऊन कणांमधल्या फटींत शिरे आणि आजूबाजूची थोडी सिलिकाही स्वत:त विरघळवून घेई. भट्टी थंड झाली की हा पाक घट्ट होऊन सर्व कणांना बांधून टाकी.

शेंगदाण्याच्या चिक्कीची आठवण इथे उपयोगी पडेल. गुळाचा पाक थंड झाला की दाणे त्यात घट्ट बसतात. आपल्या दगडात भाजलेल्या मातीचे आणि चकमकीचे कण म्हणजे दाणे, आणि काच म्हणजे पाक. या क्रियेला काचीभवन म्हणतात. मडक्याच्या भट्टीत तापमान साधारण ७०० ते ९०० अंशांपर्यंतच जाते. तेथे पुरेसा पाक तयार होत नाही, फटी उघड्या राहतात आणि मडके पाझरते. पाणी गार ठेवायला हा गुण चांगला. पण उघड्यावर उभ्या राहणाऱ्या मूर्तीला तो घातक. फटींत शिरलेले पाणी थंडीत गोठते, गोठताना प्रसरण पावते आणि दगड आतून फोडते. काचीभवन झालेल्या दगडात पाण्याला शिरायलाच फारशी वाट नसते.

दुसरा शत्रू म्हणजे धूर. कोळसा जळताना गंधकाची ऑक्साइडे हवेत जातात आणि पावसाचे पाणी आम्लधर्मी होते. लंडनच्या इमारतींसाठी वापरला जाणारा पोर्टलंडचा दगड हा चुनखडक, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आम्लामुळे त्याचे जिप्सम होते आणि पृष्ठभागाचे पापुद्रे सुटतात. भाजलेल्या मातीत कार्बोनेट उरत नाही. ती सिलिका आणि ॲल्युमिना यांनी बनलेली असते. सौम्य आम्लाचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही. सिंहाच्या आयाळीचे रहस्य हे असे साधे आहे.

साच्यापासून भट्टीपर्यंत

शिल्पकाराने केलेल्या नमुन्यावरून प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा, अनेक भागांचा साचा तयार होई. मिश्रण पातळ करून त्यात ओतत नसत. मळलेल्या मातीच्या जाड पोळ्या साच्याच्या आतल्या बाजूने हाताने दाबत. त्यामुळे वस्तू आतून पोकळ राही आणि भिंतीची जाडी सगळीकडे सारखी ठेवता येई. प्लॅस्टर मातीतले पाणी शोषून घेते. माती किंचित आकसते आणि साच्यापासून आपोआप सुटते. मग भाग जोडून, कारागीर ओलसर मातीवरच डोळे, केस, वस्त्रांच्या चुण्या हत्याराने उठावदार करत. म्हणून एकाच साच्यातल्या दोन प्रतींतही थोडा फरक सापडतो.

भट्टी सुमारे चार दिवस आणि चार रात्री चाले. इतका वेळ का? १०० अंशांच्या पुढेमागे उरलेले ओले पाणी जाते. ते घाईने वाफ झाले तर वस्तू फुटते. ५०० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या रेणूंत रासायनिक बंधाने बांधलेले पाणी सुटते. ५७३ अंशांना गारेच्या स्फटिकाची रचना बदलते आणि तो एकाएकी थोडा फुगतो. थंड होताना त्याच तापमानाला पुन्हा आकसतो. हे सगळे टप्पे सावकाश ओलांडावे लागतात. आणि हे सारे तापमापकाशिवाय! इतकी उष्णता मोजण्याचे साधन त्या काळी नुकते कुठे शोधले जात होते. गंमत अशी की जोसाया वेजवुड या कुंभारकामातील मोठ्या उद्योजकाने १७८२ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडलेले साधन मातीच्या आकसण्यावरच आधारलेले होते. भट्टीत ठेवलेला मातीचा तुकडा किती आकसला, यावरून तो उष्णता ठरवत असे. पुतळा करणाऱ्याची जी अडचण, तीच मोजणाऱ्याची सोय झाली.

कोडबाईंचा दगड वाळणे आणि भाजणे मिळून सुमारे ८ टक्के आकसे. वर्गासाठी यातून एक चांगले उदाहरण मिळते. पुतळा १०० सेंटिमीटर उंचीचा हवा असेल तर नमुना किती उंच करावा? बहुतेक विद्यार्थी १०८ म्हणतील. पण १०८ चे ८ टक्के कमी केले तर ९९.३६ उरतात. आकसणे मूळ लांबीवर होते, म्हणून १०० ला ०.९२ ने भागावे लागते. उत्तर सुमारे १०८.७ सेंटिमीटर. दारावर बसवायच्या पट्टीत असे तुकडे एकापुढे एक लागले तर ही लहानशी चूक वाढत जाते. आणखी एक प्रश्न विचारावा: लांबी ८ टक्क्यांनी घटली तर घनफळ किती घटेल? ०.९२ चा घन ०.७८ च्या जवळपास येतो. म्हणजे घनफळ सुमारे २२ टक्क्यांनी घटते.

रहस्य खरेच हरवले का?

कोडबाई १८२१ मध्ये, वयाच्या ८८ व्या वर्षी वारल्या. कारखाना त्यांनी ५२ वर्षे सांभाळला. या दगडाविषयी एक दंतकथा फार प्रचलित आहे: कृती त्यांनी कोणाला सांगितली नाही आणि त्यांच्याबरोबर ती नाहीशी झाली.

ही कथा पुराव्यावर घासून पाहू. कृतीचे एकस्व बाईंनी घेतले नव्हते, हे खरे. एकस्व घ्यायचे तर कृती लिहून द्यावी लागे, आणि १४ वर्षांनी ती सर्वांना मोकळी होई. त्यापेक्षा गुप्तता त्यांना सोयीची वाटली असेल. पण वेस्टमिन्स्टर पुलाजवळचा सिंह १८३७ चा आहे. बाईंच्या मृत्यूनंतर १६ वर्षांनी हा दगड बनत होता, आणि तोही उत्तम! म्हणजे कृती जिवंत होती. बाईंच्या शेवटच्या वर्षांत कारभार पाहणाऱ्या विल्यम क्रॉगन यांनी कारखाना पुढे घेतला होता. १८३३ मध्ये त्यांचे दिवाळे निघाले. नंतर मुलाने धंदा पुन्हा उभा केला. पण या दगडाचे उत्पादन लवकरच थांबले.

का थांबले? इमारतींची आवड बदलत होती, हे एक कारण. दुसरे कारण होते सिमेंट. १७९६ मध्ये जेम्स पार्कर याने 'रोमन सिमेंट'चे आणि १८२४ मध्ये लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन याने 'पोर्टलंड सिमेंट'चे एकस्व घेतले. सिमेंट, वाळू आणि दगडाचा चुरा पाण्यात कालवून साच्यात ओतला की तो पाण्याशी रासायनिक संयोग होऊन आपोआप घट्ट होतो. चार दिवसांची भट्टी नको, कोळसा नको, ८ टक्क्यांचा हिशेबही जवळजवळ नको. आज सजावटीसाठी जो ओतीव दगड विकला जातो, तो बहुतेक याच घराण्यातला. कोडबाईंचा दगड त्याहून वाईट ठरला नाही. तो महाग ठरला. कृती हरवल्याने कारखाना बंद पडला नाही. कारखाना बंद पडल्याने कृती विस्मरणात गेली. विसाव्या शतकाच्या अखेरीस पृथक्करणाच्या आधारे ती पुन्हा जमवता आली आणि आज इंग्लंडमध्ये तसा दगड पुन्हा बनवला जातो.

दगडाला दोष नव्हते असेही नाही. मोठ्या मूर्तींचे भाग जोडायला लोखंडी पट्ट्या वापरलेल्या असत. लोखंड गंजले की फुगते आणि भोवतालचा भाग तडकवते. अनेक मूर्तींना त्याच जागी इजा झाली आहे.

आणखी एक गोष्ट मात्र खरोखरच हरवली होती: बाईंचे श्रेय. कागदपत्रांत त्यांचा उल्लेख 'मिसेस कोड' असा होतो. त्यावरून अभ्यासक समजत की कारखाना विधवा आई चालवत होती. आईचे नावही एलेनॉरच होते. ॲलिसन केली या संशोधिकेने जुनी कागदपत्रे तपासून दाखवून दिले की त्या काळी धंदा करणाऱ्या प्रौढ अविवाहित स्त्रीलाही आदराने 'मिसेस' म्हणत, आणि मालकीण मुलगीच होती. कोडबाई अविवाहित राहिल्या. तेव्हाच्या इंग्लिश कायद्याने विवाहित स्त्रीची मालमत्ता नवऱ्याच्या ताब्यात जाई. हे पूर्णपणे बदलायला १८८२ साल उजाडावे लागले. मृत्युपत्रात त्यांनी अनेक स्त्रियांना पैसे ठेवले आणि विवाहित स्त्रियांच्या वाट्यावर नवऱ्याचा अधिकार चालणार नाही, अशी अट घातली.

वर्गात करून पाहा

साहित्य: चिकणमाती किंवा शाडू, विटेची बारीक चाळलेली पूड म्हणजे सुरखी, तराजू, मोजपट्टी. विटेची पूड करताना वीट ओली करून घ्यावी आणि नाकातोंडावर रुमाल बांधावा. ही धूळ फुप्फुसांना अपायकारक असते. काचेची पूड विद्यार्थ्यांकडून मुळीच करून घेऊ नये.

१. कोरड्या मातीत वजनाने ०, १०, २० आणि ३० टक्के सुरखी मिसळून चार गोळे मळा. प्रत्येकाची सारख्या जाडीची पट्टी करा आणि तीवर सुईने बरोबर १० सेंटिमीटर अंतरावर दोन खुणा करा. सावलीत आठवडाभर वाळू द्या आणि खुणांमधील अंतर पुन्हा मोजा. सुरखीचे प्रमाण आणि आकसणे यांचा आलेख काढा. कोणती पट्टी वाकली, कोणती भेगाळली, याचीही नोंद ठेवा.

२. कोरड्या विटेचा, मडक्याचा आणि चिनीमातीच्या फुटक्या बशीचा तुकडा घ्या. प्रत्येकाचे वजन करा, २४ तास पाण्यात ठेवा, पुसून पुन्हा वजन करा. साध्या विटेने स्वत:च्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी शोषले तरी भारतीय मानकाला ते चालते. बशीच्या तुकड्याने किती शोषले? सिंहाचा दगड या तिघांपैकी कोणाच्या जवळचा असेल?

३. विटेच्या आणि संगमरवराच्या तुकड्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. बुडबुडे कोठे दिसतात? संगमरवर नसेल तर अंड्याचे कवच चालेल. फळ्याचा खडू मात्र घेऊ नका. तो पुष्कळदा जिप्समचा असतो आणि त्यावर बुडबुडे येत नाहीत.

जवळपास कुंभाराचा आवा असेल तर पहिल्या प्रयोगातल्या पट्ट्या त्यात भाजून आणता येतील. त्या वेळी विद्यार्थ्यांनी त्यांना एक प्रश्न जरूर विचारावा: माती फुटू नये म्हणून तुम्ही तीत काय मिसळता? वाळू, राख, लीद अशी उत्तरे येतील. प्रत्येक पदार्थ मातीत काय काम करतो, याचा विचार वर्गाने करावा, आणि मुख्य म्हणजे ती उत्तरे सांगणाऱ्याच्या नावासह वहीत उतरवून ठेवावीत.